गूळ आमचा, पाणी कंपनीचं

विहिरीवर चार बायका जमल्या की घागर भरायच्या आत एखादा किस्सा तयार. आमच्या कॉलनीला तर विहिरीवाचून गत्यंतरच नव्हतं, मग किश्शांना काय तोटा!

स्वातंत्र्य मिळून सात-आठ वर्षं झाली असतील. पिंपरीच्या माळावर कंपनीनं क्वार्टर्स बांधली. ऑफिसातल्या नकाशात दुकानं, बाग आणि घरोघरी नळ. मी माणदेशातली. लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःची चूल मिळाली होती, दोन खोल्यांत का होईना.

नळ होता हं. पितळेचा, चकचकीत. पाणी तेवढं नव्हतं. शेजारच्या गोदावहिनी कोकणातल्या, जिभेला धार. त्यांनी नळाला भाजीची पिशवी अडकवली. कॉलनीचे साहेब पाहणीला आले, तेव्हा विचारलं, "नळाला पिशवी कशाला?"

"खुंटी छान दिलीत, म्हटलं वापरावी."

*

बागेच्या जागी नुसत्या बाभळी. विहीर ज्यांची, ते गावातले आबा तिथं शेळ्या चारायचे. साहेबांनी शिपाई धाडला, "बागेत शेळ्या आणायच्या नाहीत."

आबा काठी टेकून उभे राहिले. "बाग कुटं हाय तेवढी दाव. लगेच काढतो शेरडं."

शिपाई अजून शोधतोय.

*

मग साहेबांनी चिडून तारेचं कुंपण घातलं. विहिरीची वाट बंद. उरली ती ऑफिसच्या फाटकातून, साहेबांच्या टेबलासमोरून. आम्ही सगळ्या तिथूनच निघालो. भरलेली घागर हिंदकळतेच, त्यामुळे फरशी रोज ओली.

"हे ऑफिस आहे," साहेब ओरडले.

"तुमच्या नकाशात दुसरी वाट दिसली नाही," मी म्हटलं.

*

त्यावर आबांच्याच विहिरीशी कंपनीची पाटी लागली, पाणी पिण्यास मनाई. वर पुरुषांना बोलावून सांगितलं, "उन्हाळ्यापुरत्या बायका गावी पाठवा."

ह्यांनी घरी येऊन चाचरत सांगितलं. एकदा गेले की सासरच्या भल्यामोठ्या एकत्र खटल्यातून पुन्हा सुटका कुठली? आधी रडू आलं, मग राग आला.

"ट्रंक भरायची तर तुमची भरा," मी म्हटलं. "मी ह्या घरातनं हलायची नाही."

दुसऱ्या दिवशी विहिरीवर सगळ्यांचं तेच उत्तर निघालं.

*

ऐन वैशाखात मुंबईचे मोठे साहेब कॉलनी बघायला आले. आमचे साहेब पुढंपुढं करत होते. घरी पाहुणा आला की गूळ-पाणी द्यायचं, ही आपली रीत. मी गूळ दिला. मोठ्या साहेबांनी तोंडात टाकला, पाण्याची वाट पाहिली, आणि पुढच्या घरी गेले. तिथंही गूळच. त्याच्या पुढंही गूळ. नको म्हणावं तर अपमान होतो. ओळ संपेपर्यंत त्यांचा घसा पार चिकटला.

गोदावहिनींच्या दारात त्यांनी कसंबसं विचारलं, "वहिनी, पाणी?"

"घ्या की. तुमचाच नळ आहे."

त्यांनी पिशवी बाजूला करून नळ सोडला. आतून एक कोळी बाहेर आला.

मोठे साहेब आमच्या साहेबांकडे वळले. "पाणी आणा."

गोदावहिनींनी घागर पुढं केली. आमचे साहेब ती घेऊन, भर उन्हात, आपल्याच ऑफिसातून विहिरीवर गेले. आम्ही सगळ्या मागं.

आबा पाटीला टेकून बसले होते. उठले नाहीत.

"साहेब," ते म्हणाले, "हितं मनाई हाय."