परत येण्याचा पुरावा

कॅनडाला जायचं असेल तर आपण कॅनडात राहणार नाही हे आधी पटवून द्यावं लागतं, ही गोष्ट मला कॅनडाने माझा अर्ज फेटाळल्यावर कळली.

तसा मी अर्जांतला जुना माणूस. सोनईजवळच्या एका हायस्कुलात बरीच वर्षं कारकून आहे. निराधार योजना असो, जळालेला ट्रान्सफॉर्मर असो, नाहीतर शेजाऱ्याने कोरलेला बांध असो, अर्ज लिहायला माणसं माझ्याकडेच येतात. या अर्जांचं एक शास्त्र असतं. अर्जदार जितका केविलवाणा, तितका साहेब लवकर विरघळतो. माझ्या अर्जांत चांगली दहा एकरवाली माणसंही उघड्यावर पडलेली असतात. (एका म्हातारबांना तर मी 'मागे-पुढे कोणीही नाही' असं लिहून दिलं होतं. तो अर्ज कचेरीत द्यायला त्यांचे तिन्ही मुलगे गेले.)

आमची एकुलती एक प्राजक्ता लग्नानंतर कॅनडात नोकरी करते. पहिलं बाळंतपण माहेरी, हा आपला रिवाज. पण तिचा कामाचा परवाना नूतनीकरणाला गेलेला. तो हातात येण्याआधी देशाबाहेर पडलं तर परत जाऊन कामावर रुजू होणं मुश्कील, असा तिथला नियम. म्हणजे लेक माहेरी येऊ शकत नव्हती. आता माहेरानेच उठून लेकीकडे जायचं होतं. मंगलने, म्हणजे आमच्या सौ.ने, लाडवांसाठी डिंकसुद्धा आणून ठेवला.

"पप्पा, अर्ज एजंटकडून भरून घ्या," प्राजक्ता फोनवर म्हणाली.

"अगं, निम्म्या गावाची पेन्शन मी सुरू करून दिली. मला एजंट काय शिकवणार?"

सोबतच्या पत्रात मी इंग्रजीतून काळीज ओतलं. आमचं इथे कोणीही नाही. घर खायला उठतं. आमचं सगळं सुख आपल्या कॅनडा देशात आहे. उरलेलं आयुष्य नातवंडाचं तोंड बघत जावं, एवढीच इच्छा. वाचताना माझेच डोळे भरून आले. किती दिवस राहणार, या प्रश्नापुढे लिहिलं, 'आपण कृपाळू होऊन द्याल तितके.'

एवढ्यावर थांबलो असतो तरी एक वेळ ठीक होतं. पण शाळेतल्या मंडळींनी शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला आणि चौकात फ्लेक्स लावला. 'कॅनडाला प्रस्थान केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' (व्हिसा यायचा होता. आमच्याकडे फ्लेक्स आधी येतो.) त्याचा फोटो मी समाजातल्या प्रतिष्ठेचा पुरावा म्हणून अर्जाला जोडला. इंग्रजी भाषांतरासह.

काही आठवड्यांनी उत्तर आलं. मुदत संपल्यावर आपण देश सोडून जाल याची खात्री वाटत नाही, सबब दोघांचेही अर्ज नामंजूर.

मंगलने डिंकाची पिशवी उचलून फळीवर सगळ्यात मागे ठेवली. प्राजक्ताला सहावा महिना संपत आला होता आणि तिकडे तिच्या अंगावरून हात फिरवायला कोणी नव्हतं. मला दोन शिव्या मिळाल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

शेवटी सलीमभाईंकडे गेलो. सलीमभाई आमचे शेजारी, धंद्याने शिंपी. त्यांचे दोन भाऊ आखातात. धाकटा दहावी नापास, म्हणून त्याला जाताना आपल्याच सरकारची वेगळी मंजुरी लागली होती. अशा कागदांत सलीमभाईंची हयात गेलेली. मशीन थांबवून त्यांनी माझं पत्र मोबाईलवर भाषांतर करून वाचलं.

"सर, तुमी लई शिकलेले, पन हे काय लिव्हलंय? ह्याच्यात तर सरळ म्हनलंय की आमी आलो का हलनार न्हाई."

"अहो, दया यावी म्हणून लिहिलं."

"दया आपल्या सायबाला येती. तिकडच्यांला भरवसा लागतो. तुमचं गावात काय अडकलंय ते दावा. आन दुसरं, वहिनींना एकटं पाठवा."

"आणि मी?"

"दोघं निघाले की वाटतं गाव सुटलं. एक मागं राहिला की दुसरा येतोच. तुमी खुंटा व्हा."

मी खुंटा झालो. दुसरं पत्र मंगलने मराठीत सांगितलं, मी फक्त इंग्रजी केलं. मी मध्येच एक 'कृपाळू होऊन' घालायला गेलो.

"काढा ते. आपण काय भीक मागतोय? पोरीचं बाळंतपण करायचं, तीन महिन्यांनी परत यायचं. एवढंच लिहा."

मग परत येण्याची कारणं. पहिलं, तिच्या नावावरची दीड एकर. दुसरं, बचत गटाचं अध्यक्षपद. तिसरं, दोन गाई, कानातल्या बिल्ल्यांच्या नंबरांसह. चौथं, पती. मी क्रमाबद्दल हळूच विचारलं, तर म्हणाली, "गाईंना नंबर आहे, तुम्हाला कुठंय?"

ग्रामसेवकाने सुट्टीच्या दिवशी दाखला दिला. गटातल्या बायकांनी सह्या केल्या. सलीमभाईंनी बाळाला चार झबली शिवली आणि शिलाईचं नाव काढल्यावर माझ्यावरच रागावले. आणि आठव्या महिन्यात व्हिसा आला. ज्या साहेबाने तो दिला त्याचं नाव मला ठाऊक नाही. कुठे भेटला तर पाया पडेन. (पत्र मात्र लिहिणार नाही.)

नात झाली. कळा सुरू झाल्या तेव्हा लेकीचा हात तिच्या आईच्या हातात होता. आणखी काय मागायचं? सांगितल्या तारखेला मंगल परतही आली. विमानतळावरून तिला घरी आणताना गाडी नगरच्या पुढे आल्यावर मी विचारलं, "तिकडं उतरल्यावर काही अडवलं का गं?"

"खिडकीत एक पंजाबी बाई होती. माझा कागदांचा गठ्ठा तिने उघडलासुद्धा नाही. हिंदीत विचारलं, घरी कोण असतं? म्हटलं, नवरा. म्हणाली, त्यांना स्वयंपाक येतो? म्हटलं, चहासुद्धा येत नाही. लगेच शिक्का मारला." मग खिडकीबाहेर बघत म्हणाली, "तुम्हाला काही येत नाही, याचा आयुष्यात पहिल्यांदा उपयोग झाला बघा."