वत्सलाबाई आणि तळ्यातले रेडियम

प्रा. वत्सलाबाई सबनीस यांची माझी ओळख एका तक्रारीतून झाली. कोल्हापूरच्या आमच्या महाविद्यालयात प्राणिशास्त्राचा अध्यापक म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो. कपाटातल्या, फोटो घेण्याच्या कोऱ्या काचा न वापरताच काळवंडलेल्या निघाल्या, तेव्हा त्या विकणाऱ्या दुकानदाराला जाब विचारायला मी तावातावाने निघालो. विभागप्रमुख असलेल्या बाईंनी मला दारातच अडवले.

"काचांशेजारी काय ठेवलं होतं?"

शहराबाहेरच्या तळ्यातून वर्गासाठी आणलेले शिंपले होते.

बाईंनी काळ्या कागदात गुंडाळलेल्या नव्या काचेवर एक शिंपला ठेवला आणि दोन्ही एका पेटीत बंद केले. काही आठवड्यांनी काच धुतली, तर तिच्यावर शिंपल्याची आकृती उमटलेली! काळ्या कागदातून उजेड जात नाही; म्हणजे शिंपल्यातूनच किरण निघत होते. मी हरखलो, बाईंचा चेहरा मात्र उतरला. अणुस्फोटांनंतर दूरच्या समुद्रातले मासे दूषित झाल्याच्या बातम्या तेव्हा वृत्तपत्रांत येत. आमच्या तळ्याशी त्यांचा काय संबंध? बाईंनी तळ्याला मिळणाऱ्या गटाराचा माग काढला. ते एका लहानशा कारखान्यामागून येत होते. तिथे घड्याळांच्या तबकड्यांना अंधारात चमकणारा रेडियमचा रंग देत आणि कुंचले मोरीत धूत.

मग तपासणी सुरू झाली. तळ्याच्या पाण्याने काचेवर काहीच उमटले नाही. शेवाळाने पुसटसा डाग पाडला. माशांच्या काट्यांनी मात्र शिंपल्याइतकीच गडद खूण केली.

"शरीर रेडियमला चुन्यासारखं समजतं आणि हाडात साठवतं," बाई म्हणाल्या. "पाण्यातून शेवाळात, शेवाळातून माशात. आता पुढचं हाड कुणाचं?"

त्याच दुपारी आम्ही तळ्यात मासेमारी करणाऱ्या भोयांच्या वस्तीत गेलो. दत्तू भोयांच्या घरी चुलीवर बारीक मासळीचा रस्सा उकळत होता. त्यांची गरोदर सून रखमा ताटावर बसली होती.

"काट्यासकट देताव," दत्तूंच्या पत्नी कौतुकाने म्हणाल्या. "पोराची हाडं घट व्हाया पायजेत की!"

बाईंनी पुढे होऊन रखमाच्या पुढ्यातले ताट उचलले.

दत्तू उठून उभे राहिले. "बाई, मासं जित्तं हायत, पाणी आरशागत हाय. इख हाय कुठं?"

"दिसत नाही, दत्तूमामा, म्हणून तर भीती."

"आनी तळं बंद केलंसा तर आमी खायाचं काय?"

दारात माणसे जमली, आवाज चढले. कुणी माझी कॉलर धरली. बाई हलल्या नाहीत. "तुमची चूल विझवायला मी आलेली नाही. दुसरीकडे जाळी टाकायची सोय होईपर्यंत रोज इथं येईन. पण हा रस्सा हिला देऊ नका." शेवटी रखमानेच पातेले चुलीवरून उतरवले.

तळ्यावर बंदी मागायला बाई जिल्हा कचेरीत गेल्या, तेव्हा तिथल्या साहेबांनी विचारले, "कुणी मेलंय का?"

"मेल्यावरच मोजायचं असेल, तर माझी गरज नाही. मी आहे ती त्याआधी मोजायला."

पुढचे दिवस कसोटीचे गेले. कारखानदाराने बाईंना पदावरून दूर करण्याची धमकी दिली; वस्तीत कुणी त्यांना पाणीही विचारीना. तरी त्या रोज तिथे जात आणि रोज कचेरीत बसत. अखेर तळ्यावर मासेमारीची बंदी आली, मोरी बुजवली गेली आणि भोयांना नदीवर जागा मिळाली. पहिल्या दिवशीची मासळी दत्तू स्वतः बाईंच्या दारी घेऊन आले.

रखमाला मुलगा झाला. दर वर्षी ती त्याला बाईंकडे आणते, बाई त्याला ओळखीच्या डॉक्टरांना दाखवतात. परवा ती म्हणाली, "बाई, पोरगं बरं हाय न्हवं?"

बाईंनी खोटा दिलासा दिला नाही. "आज बरं आहे. पुढल्या वर्षीही आण."

तळ्याच्या गाळातले रेडियम आपल्या नातवंडांच्या पुढेही टिकणार आहे. रखमाचा मुलगा अजून शाळेतही गेलेला नाही. आज साठी पूर्ण करणाऱ्या वत्सलाबाईंना आरोग्य आणि उदंड आयुष्य मागताना मी केवळ त्यांच्यासाठी मागत नाही. तो मुलगा मोठा होऊन, स्वतः बाप होऊन, आपले लेकरू कडेवर घेऊन त्यांच्या दारी येईल, तेव्हा दार बाईंनीच उघडावे.