फक्त भाव ऐकायला ठेवलेलं मशीन

आमच्या घरात राग आत्याकडून आला. ती चामड्याच्या बॅगा मशीनवर शिवायची. कोर्टानं मशीन दुसरीला दिल्यापासून ती हातानं टाके घालते आणि दर टाक्याला गोडबोल्याचा उद्धार करते.

गोडबोल्या म्हणजे जुनी मशिनं विकणारा दुकानदार. जिभेवर साखर, आणि पोटात काय ते आम्हाला फार उशिरा कळलं.

मशीन काळं, जड, पाच पदरी चामडं सहज शिवणारं. चामडं दाबून धरणारी सुईजवळची लोखंडी पट्टी आत्यानं स्वतः कानशीनं घासून बसवली होती. आईबाबा गेल्यावर मला आणि धाकट्या भावाला तिनं त्याच मशीनवर वाढवलं. म्हणून मला जो राग येतो, तो उगाच येत नाही.

पण आत्यालाही एक खोड होती. दरवर्षी चार दिवस ती मशीन गोडबोल्याच्या दुकानात मांडायची. विकायला नाही हं, भाव ऐकायला! मग मशीन परत आणून गल्लीभर सांगायचं, "एवढे देत होते, तरी दिलं नाही!" ही कसली हौस, असं मी शंभरदा विचारलं असेल. आत्याचं उत्तर ठरलेलं, "तू गप्प बस. तुला कुणी काही देऊ केलंय का?"

यंदा तिसऱ्याच दिवशी गोडबोल्यानं मशीन विकलं, शटर ओढलं आणि पोबारा केला.

मशीन सापडलं दोन गल्ल्या पलीकडे, चपला शिवणाऱ्या एका बाईकडे. आत्या दारातूनच कडाडली, "माझं आहे ते! त्याच्या बापाचं होतं का विकायला?"

बाई पांढरीफटक पडली. पावती पुढे करत म्हणाली, "ताई, बाजारभावानं घेतलंय. दुकानात मांडलेलं विकायचं नाही, हे मी कसं ओळखायचं?"

भांडायला गेलो होतो, आणि बाईचं म्हणणं बरोबर निघालं. त्याचाच मला जास्त संताप आला.

आमच्या वकिलानं तर कहरच केला. "जे आपलं नाही ते विकून मालकी देता येत नाही, हे खरं. चोरीला गेलं असतं, नुसतं दुरुस्तीला टाकलं असतं, तरी परत मिळालं असतं. पण विक्रीच्या दुकानात तुम्ही आपणहून गिऱ्हाइकांना दाखवायला ठेवलंत. तिनं प्रामाणिकपणे घेतलं असेल, तर मशीन तिचं. तुम्ही दुकानदाराला धरा."

"विकू नको म्हणून बजावलं होतं मी त्याला!"

"ते तिला कुठे माहीत होतं?"

कागद कसलाच नव्हता. गोडबोल्या फरार, म्हणजे सगळं आत्याच्या शब्दावर. वकिलाकडचा जिना उतरताना मी सरळ म्हटलं, "आत्या, दुरुस्तीला टाकलं होतं, एवढंच सांग." हो, मीच म्हटलं, आणि मला त्याची लाज वाटत नाही. पोटावर पाय आमच्या येणार, आणि आम्ही खरेपणाचे गोडवे गायचे? आत्या भराभर पायऱ्या उतरत राहिली. मला वाटलं, पटलं तिला.

कोर्टात त्या बाईच्या वकिलानं विचारलं, "मशीन दुकानात कशासाठी ठेवलं होतं?"

बाई बाकाच्या टोकाला अंग चोरून बसली होती. आत्यानं तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

"दाखवायला!" ती ओरडली. "चार लोकांनी बघावं, जळावं, काय मशीन आहे म्हणावं, म्हणून! झालं समाधान?"

न्यायाधीशांनी आवाज कमी करायला सांगितलं. तिनं केला नाही.

मी तरातरा बाहेर आले. आत्याचं तोंडही बघायचं नव्हतं मला. मागोमाग ती आली आणि तिच्यामागे ती बाई.

"ताई," बाई चाचरत म्हणाली, "मला वाटलं होतं, तुम्ही खोटं बोलाल."

"मलाही तेच वाटलं होतं," आत्या म्हणाली. "आता समोरून हल. नाहीतर परत आत जाऊन खोटं बोलेन."