सुनंदाचा पांढरा कोट

महिन्यामागे एका सकाळी पोदेर पाव देऊन गेला आणि नार्व्याहून फोन आला... सुनंदा गेली. छातीत दुखत होतं म्हणे आठवडाभर. डॉक्टरकडे जायचं तर सासूजवळ कोण बसणार, म्हणून राहिलं.

डिचोलीच्या काजू फॅक्टरीत आम्ही दोघी एकाच टेबलावर काजूगर निवडायचो. तिचा हात भराभर चालायचा आणि तोंड त्याहून. सरकारकडून गृहिणींना दरमहा पैसे येऊ लागले तेव्हा तिने टेबलावर सगळ्यांना खाजं वाटलं. "आतां माका दोन पगार," म्हणाली. त्या पैशांना पगार म्हणायला घरात तिनेच शिकवलं. पुढे सासू पडली, खुबा मोडला, अंथरुणाला खिळली. सासूचे तिन्ही मुलगे जमले. हरमलचा दीर पर्यटकांना खोल्या देतो. तो म्हणाला, "वहिनी, तुका घरा बसून पगार मेळटा. मागीर डिचोली कित्याक धांवता?" नवऱ्याने मान डोलावली. त्या पगारात सासूची औषधंसुद्धा येत नव्हती, पण तो हिशोब कोणी मांडला नाही.

"माय सावरेपर्यंतच गो," तिने मला सांगितलं. फॅक्टरीचा पांढरा कोट परत केला नाही. दर रविवारी धुवायची, इस्त्री करून दाराआडच्या खुंटीला लावायची. मी सुपरवायझर झाले, तिची जागा मला धरता येईल तेवढी धरली. शेवटी तिने दिराला विचारलं, फक्त काजूच्या हंगामापुरती मायला हरमलला न्याल का? "सीझनाक खोली रिकामी खंय आसता, वहिनी?" मला हे सांगताना ती हसली. मला हसू आलं नाही.

परवा नार्व्याला जाऊन आले. सासूसाठी आता बाई ठेवली आहे. तिला दुपारी विश्रांती, रविवारी सुटी, चहाबरोबर पोई. पैसे तिन्ही भाऊ मिळून देतात. हरमलचा दीर तिथेच होता. म्हणाला, "परवडना, पूण करतले कितें? फुकट कोण करता?"

साडी खराब होते म्हणून बाईने वरून घालायला काहीतरी मागितलं होतं. घरच्यांनी खुंटीवरचा कोट काढून दिला. तो घालून ती सासूला कुशीवर वळवत होती. बाह्यांवर सुनंदाच्या इस्त्रीची घडी अजून होती. बाईची वेळ संपली, तसा तिने कोट काढून खुंटीला लावला आणि घरी गेली.