पडद्याची माझ्याकडची बाजू

हाजराभाभी गेल्याचा फोन आला तेव्हा मी परसातल्या गळक्या नळाला चिंधी बांधत होतो. काझीसरांचा मुलगा अस्लम बोलत होता. "काका, अम्मी गेली," एवढंच म्हणाला आणि त्यानं फोन ठेवला. मी ओल्या हातांनीच सदरा अडकवला. माझी बायको मंगल तोवर चपला घालून रस्त्याला लागलीसुद्धा होती. परंड्यात किल्ल्याच्या बाजूला जाणाऱ्या गल्लीत त्यांचं घर, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. मंगल थेट आत गेली, मी बाहेर मंडपात पुरुषांमध्ये बसलो. आत बायकांनी अंघोळ घातली, कफन चढवलं, आणि मग घरच्या पुरुषांना शेवटचं तोंड बघायला एकेक करून आत बोलावू लागले. मयत बाईची असली की तिचं तोंड नवरा, मुलगा, भाऊ, भाचे अशा सख्ख्या नात्यातल्या पुरुषांनीच बघायचं, असा रिवाज. तो मला ठाऊक होता, म्हणून मी खुर्ची सोडली नव्हती. तेवढ्यात अस्लम बाहेर आला. रडून डोळे सुजलेले. माझा हात धरून म्हणाला, "काका, चला. तुम्ही घरचेच. अम्मीचं तोंड बघून घ्या."

शेजारी बसलेले एक-दोन म्हातारे खाकरले. काझीसर दाराशी उभे होते, त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी उठलो. या घरात मी चाळीसेक वर्षं येतोय. भाभींच्या हातचा चहा प्यालो, शिरखुर्मा खाल्ला, त्यांच्याशी वाद घातले, त्यांची बोलणी खाल्ली. आणि त्यांचा चेहरा मी एकदाही पाहिलेला नव्हता...

काझीसर आमच्या शाळेत हिंदी शिकवायचे, मी गणित. नोकरीला लागलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात ते मला घरी घेऊन आले. बैठकीच्या खोलीतून आत जायच्या दाराला हिरवा, फुलाफुलांचा पडदा होता. थोड्या वेळानं पडद्यामागून चौकटीवर बांगड्या दोनदा वाजल्या. काझीसर उठले, पडद्याच्या कडेनं हात घालून चहाचा ट्रे घेतला आणि परत येऊन बसले. त्यांच्या आई तेव्हा हयात होत्या, सगळे त्यांना बडी अम्मा म्हणायचे, आणि घरात त्यांचा शब्द चालायचा. बरेच महिने माझ्यासाठी भाभी म्हणजे त्या दोन बांगड्यांचा आवाज एवढंच. मग एकदा आम्ही दोघं बदल्यांच्या भानगडींवर तावातावानं बोलत असताना पडद्यामागून आवाज आला, "भाईसाब, चहा निवला. दोन मास्तर बोलाय बसले की चहा निवतोच. दुसऱ्यांदा तापवाय गॅस काय सरकार देतंय व्हय?" तो स्वर मला एकदम ओळखीचा वाटला. आमच्या गावाकडच्या मावशा असंच बोलतात. नंतर कळलं, भाभींचं माहेर बेंबळी. बाप शेतकरी, घरात दख्खनी उर्दू बोलायचे आणि शेतात मराठी.

त्या दिवसापासून आमची तोंडं सुटली. मी माझ्या ठरलेल्या खुर्चीत, पडद्याकडं अर्धी पाठ करून, आणि त्या पडद्याआड पाटावर. काझीसर मधे बसून दोघांचं ऐकायचे. मी आमच्या लिंगायतांच्या रीतीनं पक्का शाकाहारी, तर ईदला माझ्यासाठी त्यांचं एक वेगळं पातेलं असायचं. त्याला दुसऱ्या कशाचा वास लागू नये म्हणून त्या ते माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवत. मंगलची आणि त्यांची तर गट्टीच जमली. ती आत बसून यायची आणि घरी आल्यावर मला चिडवायची, "मी रोज बघते, तुम्ही बसा पडद्याशी गप्पा मारत." मी विचारायचो, दिसतात कशा? ती म्हणायची, "चांगल्या दिसतात." यापुढं एक अक्षर सांगायची नाही. बायकांची आपसात काय ती इमानदारी असते, ती मी तिथं पाहिली.

बडी अम्मा गेल्या. काझीसर स्वभावानं मवाळ, ते भाभींना म्हणाले, आता तुला वाटेल तसं कर. ते त्यांनी मलाही सांगितलं, आणि मला वाटलं, चला, पडदा गेला. पुढच्या ईदला गेलो तर दारावर कोरा करकरीत नवा पडदा. मला राग आला, खोटं कशाला सांगू. एवढी वर्षं घरच्यासारखा येतो आणि मी अजून परकाच... मी तसं बोलूनही दाखवलं. सासू होती तोवर ठीक होतं, आता कोणाच्या भीतीनं हे चाललंय? मग भाभी म्हणाल्या,

"भाईसाब, बेंबळीत आमच्यात पडदा न्हवता. डोक्यावर पदर अन् हातात खुरपं. हितं आले तवा सासूनं लावला, तवा त्यो सासूचा व्हता. आता म्या लावलाय. आता त्यो माझा हाय."

त्यांनी पुढं सांगितलं, "आन् पडदा एकटीचा नसतोय. अल्लानं आधी मर्दांना सांगितलंय, नजर खाली ठिवा म्हणून. आमाला कापडाचं त्याच्या मागनं सांगितलं. ही बाजू म्या सांभाळते. ती बाजू तुमची."

काझीसरांनी मान हलवली आणि कुराणात क्रम तसाच आहे म्हणाले. मी शिकवायला गेलो होतो आणि निमूटपणे चहा पिऊन परत आलो. मला ते पटलं होतं असं नाही. मंगलशी घरी त्यावर हुज्जत घातली. कापडानं माणूस झाकून ठेवायचं हे मला आजही सगळं पटत नाही. पण ही बाई कोणाच्या दाबाखाली बोलत नव्हती, एवढं त्या आवाजावरून मला कळलं होतं.

बाहेर निघताना त्या काळा बुरखा घालत आणि नकाब बांधत. मी त्यांना चपलांवरून ओळखायचो. मरून रंगाच्या, पितळी बकलाच्या चपला. माझ्या या हुशारीचा मला फार गर्व होता. एकदा स्टँडवर कुर्डुवाडीच्या गाडीची वाट बघत त्या चपला दिसल्या. मी जवळ जाऊन मोठ्या आपुलकीनं म्हणालो, "भाभी, औंदा शिरखुर्म्यात साखर जरा कमीच पडली." पुढं काझीसरांच्या विसरभोळेपणाबद्दलही बरंच काही बोललो. समोरची बाई एक नाही, दोन नाही. तेवढ्यात पाण्याची बाटली घेऊन एक धिप्पाड गृहस्थ आले आणि मला विचारू लागले, "क्या हुआ साब?" बाई परगावची होती. आमच्या पेठेतल्या दुकानदारानं त्या साली एकच माल भरलेला, अर्ध्या तालुक्याच्या पायात त्याच चपला. ही गोष्ट कळल्यावर पडदा कितीतरी वेळ हसत होता. पुढं वर्षानुवर्षं ईदला वाटीबरोबर साखरेचा डबा यायचा आणि मागून आवाज, "बघा, कमी पडली तर स्टँडवर सांगू नका."

त्यांची मुलगी निलोफर बारावीनंतर धाराशिवला कॉलेजात जायची म्हणाली. ती डोक्याला स्कार्फ बांधायची, चेहरा झाकत नसे. नात्यातले लोक येऊन भाभींना बोलले, अस्लम तेव्हा तरणाताठा, तोही बहिणीनं नकाब घालावा म्हणून अडून बसला. मी बाहेरच्या खोलीत होतो, मला सगळं ऐकू येत होतं. भाभी मुलाला म्हणाल्या, तुझी नजर कुठं असती ते आधी सांग, मग बहिणीच्या कपड्याचं बोल. निलोफर कॉलेजात गेली. आज ती नोकरी करते आणि अजूनही स्कार्फच बांधते.

मी मुख्याध्यापक झालो तेव्हा परीक्षेला एक मुलगी नकाब घालून आली. चेहरा हॉलतिकिटाशी ताडून बघायलाच हवा होता. एक पर्यवेक्षक म्हणे, फाटकातच सगळ्यांसमोर काढायला लावा, एकदाचं वळण लागेल. मुलीनं नकाबाची कड घट्ट धरली होती. मी आमच्या एका शिक्षिकेला बोलावलं, तिनं मुलीला माझ्या खोलीत नेऊन दार लावलं, चेहरा बघितला आणि दोघी बाहेर आल्या. पेपर वेळेवर सुरू झाला. संध्याकाळी भाभींना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "जबरदस्तीनं घालाय लावणारा अन् जबरदस्तीनं काढाय लावणारा, दोघं सख्खे भाऊ. तुमी त्यांच्यातले न्हाय, बरं झालं."

निवृत्तीनंतर काझीसर आणि त्या हजला जाऊन आले. काझीसरांनी सांगितलं की तिथं एहराममध्ये, म्हणजे हजचं व्रत चालू असताना, बायकांना चेहऱ्यावर नकाब बांधायचा नसतो. मला ही चांगलीच संधी मिळाली. मी म्हणालो, भाभी, लाखो परक्या माणसांनी तुमचं तोंड बघितलं, एकटा मीच राहिलो. तर म्हणाल्या, "तिथं समदे आपापल्या गुन्ह्याची माफी मागाय आल्यालं. माझ्याकडं बघाय सवड कुणाला व्हती? तुमाला हितं सवडच सवड."

मागच्या वर्षी त्यांना आजारानं गाठलं. बार्शीच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेलो तर कॉटभोवती दवाखान्याचाच निळा पडदा ओढलेला. आतून आवाज आला, बारीक झालेला, पण तोच. "बसा भाईसाब. हितंबी सोय हाय." मी स्टुलावर बसलो. मंगल आत त्यांचे पाय चेपत होती. थोडा वेळ इकडचं तिकडचं झालं. मग भाभी म्हणाल्या, वय झालेल्या बाईला धर्मानं पडद्यात सवलत दिलेली आहे, मी आजवर घेतली नाही. आणि मग जरा दम घेऊन, "घरी आले की घीन म्हणते. पडदा म्या माझ्या हातानं सरकवीन. मग बघा काय बघायचं ते. लई काय ठिवल्यालं न्हाय तिथं." आधी घरी तर या, एवढंच म्हणालो. उठताना पडद्याखालून त्यांच्या चपला दिसल्या, भिंतीला नीट लावून ठेवलेल्या.

त्या घरी आल्या त्या अशा.

अस्लमनं माझा हात धरलेला होता. मी उंबऱ्यापर्यंत गेलो. बैठकीतला तो पडदा कोणीतरी वर करून खुंटीला अडकवला होता. जनाजा पलीकडंच होता, आणखी एक पाऊल टाकलं असतं तर तोंड दिसलं असतं. मला बघायचं होतं. फार बघायचं होतं. चाळीस वर्षांच्या मैत्रीला एक चेहरा लावायचा होता मला, आणि तसं म्हटलं तर परवानगीही मिळालेली होती. पण त्यांनी 'माझ्या हातानं' म्हटलं होतं, आणि ते हात आता कफनात होते. त्यांना त्यांची बाजू आता सांभाळता येत नव्हती. राहिली होती ती माझी. मी नजर खाली घेतली. अस्लमला म्हणालो, "बाळा, तुझ्या अम्मीनं स्वतः दाखवलं असतं तर बघितलं असतं." तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, मीही रडलो. काझीसर आले आणि त्यांनी खुंटीवरचा पडदा सोडला. कब्रस्तानात त्यांना खाली उतरवताना नात्यातल्या माणसांनी चारी बाजूंनी चादर धरली होती. मी पाठ करून उभा राहिलो आणि नंतर तीन मुठी माती दिली.

परवा काझीसरांकडं गेलो होतो. निलोफर आलेली आहे, घर आवरतेय. मला म्हणाली, काका, आता पडद्यामागं बसायला कोणी नाही, काढून टाकू का? अब्बा काही बोलत नाहीत. मी म्हटलं, तुमच्या घरचा पडदा, तुम्ही ठरवा. काझीसर वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, "धुऊन परत लाव." तिनं धुतला, वाळवला, माझ्यादेखत दांडीत ओवून लावला. मग चहा करायला आत गेली. मी माझ्या खुर्चीत बसलो होतो, सवयीनं पडद्याकडं अर्धी पाठ करून. चहा उकळल्याचा वास आला. काझीसर एकाएकी उठले, पडद्यापाशी गेले आणि कडेनं हात आत घालून उभे राहिले. बांगड्या वाजल्या नव्हत्या. आत निलोफर कप विसळत होती, तिला पत्ताच नव्हता. मी त्यांच्याकडं बघितलं नाही. नजर खाली ठेवली आणि त्यांच्या हातात चहाचा ट्रे येईपर्यंत तशीच ठेवली.