तीस सप्टेंबरची सुट्टी

लातूरला औसा रोडवर सिद्धरामचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज हाय. गडी सातवी शिकलेला, पण इंजिनाचा आवाज ऐकून कुठं काय बिघडलंय ते रस्त्याच्या पलीकडून सांगणार. ह्या कामात त्याच्या तोडीचा कोणी न्हाई, असंल तर यावं समोर. पण गॅरेजात बसून तो गुण गायचा ते धाकट्या भावाचे.

"आमचा पंचाक्षरी नांदेडला फायनान्स कंपनीत हाय. समद्या कर्जांच्या तारखा त्योच पाडतो."

"तारखा कोर्टात पडतेत," शेजारचा टेलर निजामोद्दीन मशीन न थांबवता म्हणायचा. "भाऊ वकील कवा झाला?"

"व्याज बदलायच्या तारखा, निजामभाई. कर्जाचा दर सहा-सहा महिन्यांनी बदलतो. कंच्या दिवशी बदलायचा ते आमचा पंच्या काढतो. त्या दिवशी जो दर चालू असंल त्यो पुढचे सहा महिने पक्का."

"मग सांगा की त्याला, माझा बी एक चांगला दिवस बघ म्हणून. मुहूर्ताचा."

निजामोद्दीननं कितीही खेचली तरी गोष्ट खोटी नव्हती. पंचाक्षरीनं कॉम्प्युटरात एक फंक्शन बसवलं होतं. पहिली तारीख द्यायची, किती महिन्यांनी ते सांगायचं, सुट्ट्यांची यादी दाखवायची. की कर्ज फिटंपर्यंतच्या समद्या तारखा खाली एका रांगेत उतरायच्या. त्याच्या आधीचा बाबा मागच्या तारखेवरून पुढची काढायचा. त्यामुळं एकतीसची तारीख एकदा फेब्रुवारीत अठ्ठावीसवर घसरली की जन्मभर अठ्ठावीसवरच. पंचाक्षरीनं दर वेळी मोजणी पहिल्या तारखेपासून धरली. महिनाअखेर ती महिनाअखेरच राहिली. सुट्टी आली तर तारीख पुढच्या कामाच्या दिवशी सरकायची. पुण्याच्या हेड ऑफिसनं ती रीत उचलली अन साऱ्या शाखांत चालवली. पोराचं नाव कुठं टाकलं न्हाई.

सुट्ट्यांची यादी मात्र ज्या त्या शाखेची. मॅनेजर म्हणाले, इकडच्या सुट्ट्या तूच टाकून घे. पंचाक्षरीनं सतरा सप्टेंबर टाकली, मुक्तिसंग्रामाची. तिच्या खाली तीस सप्टेंबर टाकली.

त्र्याण्णवला त्याच तारखेच्या पहाटे झालेल्या भूकंपात त्याला खाटंखालून जित्ता काढला तवा तो बारा वर्षांचा होता. आई, गुरम्मा, मातीच्या माळवदाखाली गेली. लिंगायताच्या माणसाला मातीत बसवतेत, जाळीत न्हाईत. पण त्या दिवशी खड्डे खणायला हात कुठं होते? पडल्या घरांची दारं, तुळया ओढून काढल्या अन जातपात न बघता एकाच जागी सरण रचलं. गुरम्माला ना समाधी, ना दगड. लेकरांनी डोकं टेकवायचं तर ती तारीख तेवढी राहिली.

पुढं नवं गाव वसलं. तवापासून त्या दिवशी तिथं कोणी दुकान उघडत न्हाई, औत धरत न्हाई, दिवेलागणीपर्यंत चूल पेटवत न्हाई. पंचाक्षरी त्यातच वाढला. मराठवाड्यात त्या दिवशी समदंच बंद असतं, असं त्याला वाटायचं. दिवाळीला सुट्टी हाय का, असं कोणी विचारतं का? त्यानंबी विचारलं न्हाई.

तवर लातूरला क्लासेसचं पेव फुटलं. गल्लोगल्ली मेस, हॉस्टेल. लातूरची कर्जंबी नांदेडच्याच शाखेतून निघायची. टार्गेटासाठी कंपनी मार्चअखेरीला कर्जं वाटायची, म्हणजे व्याज बदलायचा दिवस सप्टेंबरअखेरीला यायचा. पंचाक्षरीच्या यादीमुळं तो दर साली एक ऑक्टोबरवर सरकायचा. दोन्ही दिवशी दर सारखाच, त्यामुळं कोणाच्या ध्यानात आलं न्हाई. दोन हजार आठला मात्र कंपनीनं दर उतरवला, नेमका एक ऑक्टोबरला. मार्चच्या समद्या कर्जांना उतरलेला दर लागला. त्यात सगळ्यांत मोठं कर्ज होतं क्लास चालवणाऱ्या महादेवप्पा सरांच्या हॉस्टेलचं. अन महादेवप्पा निघाला पंचाक्षरीच्याच गावचा.

झालं. गाववाल्याला फायदा करून दिला, असा बोभाटा झाला. पंचाक्षरी त्या महिन्यात कायम होणार होता. मॅनेजरनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. सिद्धराम लातूरहून पहिल्या गाडीनं आला अन बोलावणं नसताना संगं आत घुसला.

"ही सुट्टी कोणत्या परिपत्रकात आहे?"

"परिपत्रकात न्हाई साहेब. त्या दिवशी काम करत न्हाईत."

"कोण करत नाही?"

पंचाक्षरीनं भावाकडं बघितलं. सिद्धराम म्हणाला, "आम्ही. आमचं अख्खं गाव."

"मग गावाकडून आणा लिहून. महादेवप्पांकडूनच आणा. गावात हा दिवस पाळतात, आणि या सुट्टीचं मला काही माहीत नव्हतं, एवढं त्यांनी लिहावं. माझ्या हातात आहे तोवर नोकरी वाचवतो."

सिद्धरामला वाटलं, हे तर लई सोपं. महादेवप्पाचा बाप त्याच सरणावर गेला होता.

लातूरला सरांच्या केबिनमध्ये भिंतभर पहिल्या आलेल्या पोरांचे फोटो. महादेवप्पानं समदं ऐकून घेतलं.

"सिद्धराम, हे लिहिलं तर सुट्टी गावापुरतीच होती, तारीख चुकली होती असं मीच कबूल केल्यासारखं होतंय. उद्या ते माझा दर परत चढवतील."

"पोराची नोकरी चाललीय, सर."

"पण मी खोटं कसं लिहू? आमच्याकडं कुठं बंद असतं तीस सप्टेंबरला? टेस्ट असते."

"तुमचे वडील..." पंचाक्षरी बोलला.

"वडील गेले ते गेले. त्यापायी पोरांचं वर्ष घालवू का?"

सिद्धराम उठला. "म्हादेवप्पा, तुझ्या बापाला जाळायला लाकूड पुरं न्हवतं. मी आमच्या घराचं दार काढून आणलं. तू अन मी दोघांनी धरून नेलं ते."

महादेवप्पानं टेबलावरची घंटी दाबली अन शिपायाला दोन चहा सांगितले. चहा यायच्या आत दोघं भाऊ खाली उतरले.

कागद मिळाला न्हाई, म्हणून पंचाक्षरीला काढलं. काढायच्या आधी मॅनेजर म्हणाले, तेवढी यादी दुरुस्त करून जा, इथं दुसऱ्या कोणाला ते जमणार न्हाई. सिद्धरामला वाटलं, हा कॉम्प्युटरचा डब्बा उचलावा अन खिडकीतून खाली टाकावा. पण पंचाक्षरी खुर्चीवर बसला, तसा तोबी शेजारी स्टूल ओढून बसला.

पंचाक्षरीनं यादीतली ती ओळ धरली.

"आण्णा, पुसू?"

सिद्धरामनं भावाच्या पाठीवर हात ठेवला.

पंचाक्षरीनं बटन दाबलं. पडदा जरासा हलला, अन वरपासून खालपर्यंत जिथं जिथं एक ऑक्टोबर होती तिथं तिथं तीस सप्टेंबर येऊन बसली. पुढच्या सालची, त्याच्या पुढची, पार कर्ज फिटंपर्यंतची. एकबी तारीख चुकली न्हाई.

आता पंचाक्षरी गॅरेजात पार्टाचा हिशेब बघतो. त्या कंपनीत आजबी तारखा पडतेत त्या त्याच्याच रीतीनं, हे सिद्धराम येईल त्याला ठणकावून सांगतो. निजामोद्दीन आता त्याची खेचत न्हाई. तीस सप्टेंबरला गॅरेजचं शटर खाली असतं, अन त्या दिवशी निजामभाईचं मशीनबी बंद असतं.

समोरच्या रस्त्यानं सकाळी महादेवप्पाच्या क्लासची पोरं सायकली हाणत जातेत. टेस्टला उशीर झालेला असतो.