पेटीतला रिकामा कोपरा

माही नातीन देवश्री कम्प्युटरवर ताऱ्यांकडं जाणारं जहाज बनवून राहिली. गोष्टीतलं जहाज, खरं नाही. चार माणसं, नऊ वर्षांचा प्रवास. एकेकाले झोपायची एक फळी, तिच्याखाली एक खण, बस.

मी म्हटलं, "एवढ्यात माणूस कसा राहीन वं?"

"आजी, जगह ही नहीं है. मशीनें कहाँ रखूँ?" पोट्टी इकडंच वाढली, हिंदीतच बोलते.

"थांब पोट्टे. आधी तुह्या आबाजीचं लिहून घे."

तं आमचे हे, गुलाबराव, मालगाडीचे गार्ड. गाडीच्या पार शेपटाले यायचा डबा. पंखा नाही, लाइट नाही, बसाले एक लोखंडी सीट. महासमुंदच्या पुढं जंगलात गाडी थांबली का घंटे न् घंटे थांबली. दोन दिवसांचं सांगून जात अन् चौथ्या दिवशी येत. संग घरची एक टिनाची पेटी. ती मी भरत होती. कणीक, डाळ, स्टो, लुंगी, लोणचं. अन् एक कोपरा खाली, रिकामा ठेवायचा, दोन ओंजळी मावतील एवढा.

"ऐक वं, तेवढा भरू नको," असं बजावून ठेवलं होतं यायनं. त्या कोपऱ्यात माह्यासाठी काहीतरी येत होतं. कधी चारोळीची चारं, कधी तेंदूची फळं, एकदा मोराचं पीस. मी त्या लाइनीनं कधी गेलीच नाही. जे पाहिलं ते पेटीत पाहिलं.

एकदा लागोपाठ तीन खेपा कोपरा खालीच आला. मले राग आला. मंग पेटी भरताना चिवड्याचा डबा तिथं कोंबून देला. त्या खेपेले हे आले तं वर्दीच्या पांढऱ्या कोटाचा खिसा जांभळाच जांभळा. जांभळं खिशात घालून आणली होती, सारी चेंदली.

"पेटीत जागा नव्हती," म्हणे.

"मंग तिथंच खाऊन टाकायची."

"तुह्यासाठी तोडली, मी काहून खाऊ?"

दोन दिवस त्या कोटाले लिंबू घासलं मी. डाग काढूनच सोडला. पाऱ्यातल्या, आमच्या मोहल्ल्यातल्या बाया म्हणत, सुशीलाबाईच्या हाताले गुण हाय. यायले जाऊन आता सहा वर्षं झाली. कोट कपाटात हाय, पांढराफेक. कधी कधी खिसा उलटा करून पाहते, शिवणीत तरी काही राहिलं का. काहीच नाही. एवढं घासाची काय गरज होती मले?

लिहिता लिहिता देवश्री थांबली. "पर आजी, वो लोग वहाँ से लाएँगे क्या? वहाँ जामुन थोड़ी हैं."

"ते त्यायचं ते पाहतील. तू जागा ठेव."

"हव," म्हणाली. एक मशीन लहान केली अन् चौघांच्याही खणात एकेक कोपरा काढला. मंग मले विचारते, "इसमें क्या लिखूँ?"

"काही नको लिहू," मी म्हटलं. "अन् चिवडा तं बिलकुल ठेवू नको."